साखर वाढली की बोटाला आंबा लागला?

मे महिन्यातली गोष्ट. शेजारच्या काकूंचा घाबराघुबरा फोन आला, "अगं, साखर २८६ आलीय, गोळी जास्तीची घेऊ का?" जाऊन बघते तर ओट्यावर आंब्याच्या साली आणि काकूंची बोटं अजून चिकट. साबणाने हात धुवायला लावले, कोरडे पुसले, दुसरं बोट टोचलं. १५२.

बहुतेक ग्लुकोमीटरना, म्हणजे घरी साखर मोजायच्या यंत्रांना, एक मायक्रोलिटर किंवा त्याहूनही कमी रक्त पुरतं. एवढ्याशा थेंबात कातडीवरची फळाची साखर मिसळली की आकडा कुठल्या कुठे जातो. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून ती जात नाही, साबण-पाणीच हवं. आणि बोट ओलं असेल, पाण्याने किंवा स्पिरिटने, तर रक्त पातळ होतं, थेंब नीट धरत नाही. हात धुण्याची सोयच नसेल तर पहिला थेंब कोरड्या कापसाने टिपून दुसरा वापरा.

टोचायचं मधल्या बोटाला किंवा अनामिकेला, आणि तेही पेराच्या कडेला. बरेच जण मधोमध टोचतात, मग दिवसभर भाजी चिरताना कळ येते. करंगळी नको, तिथे मांस फार थोडं असतं.

रक्त येत नाही म्हणून बोट पिळणं ही सगळ्यात जुनी खोड. जोरात पिळलं की रक्तासोबत पेशींमधलं पाणीही बाहेर येतं. शिबिरात बोटातून हिमोग्लोबिन तपासताना यामुळे ते खोटंच कमी दिसू शकतं. त्यापेक्षा हात कोमट पाण्यात धरा, खाली सोडून झटका. तरीही थेंब बारीकच येत असेल तर टोचणी-पेनावरचा (ज्यात सुई बसवून बोट टोचतात) खोलीचा आकडा एकाने वाढवा.

आकडे रोज वेडेवाकडे येत असतील तर ग्लुकोमीटरमध्ये घालायच्या पट्ट्यांची डबी बघा. झाकण उघडं राहिलं असेल, मुदत संपली असेल. कोकणातल्या पावसाळ्यात दमट हवेने पट्ट्या खराब व्हायला वेळ लागत नाही. फ्रीजमध्येही ठेवू नका. रुग्णाला रक्तक्षय असेल तर काही मीटर साखर जास्त दाखवतात, हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता मला खरोखर राग येतो ती चूक. एका सोसायटीच्या आरोग्य शिबिरात एकच टोचणी-पेन रांगेतल्या सगळ्यांच्या बोटांवर फिरताना मी पाहिलंय. "सुई बदलतोय की," हे उत्तर. पण पेनाच्या टोकाला रक्त लागतं, आणि हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान ७ दिवस तग धरतो. पेन एकाचंच असतं. नवरा-बायकोनेही वाटून घ्यायचं नाही. दवाखान्यात एकदा टोचल्यावर आपोआप निकामी होणारी लॅन्सेट (बोट टोचायची छोटी सुई) हवी, प्रत्येक रुग्णाला नवे हातमोजे आणि मधे मीटर पुसलेला. रांगेत उभे असाल तर खुशाल विचारा, लाजू नका.

वापरलेली लॅन्सेट टोपण लावून ओल्या कचऱ्यात टाकणारेही भेटतात. २०१६ च्या घनकचरा नियमांत घरातल्या सुया 'घरगुती घातक कचरा' ठरवल्या होत्या, त्या वेगळ्या द्यायच्या. आमच्याकडे त्यासाठी फिनेलची रिकामी, जाड बाटली आहे. पाऊण भरली की झाकणावर चिकटपट्टी, वर मोठ्या अक्षरांत 'सुया', आणि ती घंटागाडीवाल्या ताईंच्या हातात सांगूनच द्यायची.