कामगार घरावर विनोदी मालिका लिहिताय? या चुका टाळा

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या वाचनगटात दर महिन्याला एक तरी अशी संहिता येतेच. कंत्राटी नोकरी, उनाड पोरं, सकाळपासून भांडणं. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणूनच त्याच त्याच चुका ऐकल्या की जीव तुटतो.

पहिली चूक सगळ्यात महागाची: घरात पैसे किती आहेत हे लेखकालाच ठाऊक नसणं. मीही ती केली आहे. माझ्या पहिल्या भागात किसननगरच्या एका खोलीतलं कुटुंब होतं. बाप वागळे इस्टेटमध्ये लेथवर, ओव्हरटाइम बंद झालेला. फ्रिज बिघडतो, मेकॅनिक येतो, धमाल उडते, तो दीड हजार घेऊन जातो. वाचन रंगलं होतं. कामावरून थेट आलेल्या एक ताई पुढे बसल्या होत्या, मांडीवर डब्याची पिशवी. त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तारीख काय?" मी चोवीस लिहिली होती, अशीच. "चोवीसला दीड हजार? कुठून आणले हो?" मला उत्तर देता आलं नाही. त्यापुढच्या एकाही विनोदाला कुणी हसलं नाही.

घरी येऊन वहीच्या पानावर त्या घराचा महिना मांडला. भाडं, सिलिंडर, फी, भिशी, हप्ता. चोवीस तारखेला हातात उरले 640 रुपये. मग प्रसंग आपसूक हलायला लागला. बाप म्हणतो मीच उघडतो फ्रिज. आई भिशीवालीला गाठते. पोरगा शेजारच्या काकूंकडे दूध ठेवायला जातो आणि त्यांची कुल्फी फस्त करून येतो. तेव्हापासून ते पान भरल्याशिवाय मी एक संवाद लिहीत नाही. नवी मुलं म्हणतात, "आधी पंच लिहितो, हिशेब नंतर बघू." नंतर कुणीही बघत नाही.

1988 साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'रोझॅन' या विनोदी मालिकेत नायिका प्लास्टिकच्या कारखान्यात असते. कामाचा कोटा वाढवतात म्हणून ती नोकरी सोडते. पुढच्या भागात सगळं पूर्ववत होत नाही. ती सलूनमध्ये केस झाडते, हॉटेलात वेट्रेस होते. नोकरी गेली की ती गेलेली दिसली पाहिजे.

दुसरी चूक, आरडाओरडा म्हणजेच गोंधळ असं समजणं. सहाजण एकदम ओरडले की फक्त कान किटतात. प्रत्येकाला वेगळी घाई द्या. नळ सातला जाणार, आईला हंडा भरायचाय, मुलीला कळव्याहून लोकल पकडायचीय, आजोबा न्हाणीत आणि कडी आतून लागलेली. आता कुणी हळू बोललं तरी चालतं.

बाकीच्या थोडक्यात. दारुडा बाप हा आयता विनोद नाही, त्याच्या घरातल्यांना विचारा. खोली दहा बाय बाराची असेल तर कुणी 'आपल्या खोलीत' निघून जाऊ शकत नाही. आणि मागून टाकलेल्या, रेकॉर्ड केलेल्या हशावर विसंबू नका. 2000 साली आलेल्या 'माल्कम इन द मिडल' या अमेरिकी मालिकेत तो नव्हताच, तरी लोक हसले.

शेवटच्या मिनिटाला सगळ्यांना गळ्यात गळे घालायला लावणं मला अजिबात सहन होत नाही. पगार वाढलेला नाही, मग एवढं गोड कशानं झालं? माझ्या त्या भागात फ्रिज शेवटपर्यंत सुरू झाला नाही. पुढच्या भागापासून आई त्यात तांदूळ ठेवते.