नॅनोवायर शिकायला निघालात? आधी पाण्यातलं मीठ तपासा

माझं बीएस्सी आणि एमएस्सी दोन्ही रत्नागिरी जिल्ह्यातच झालं, केमिस्ट्रीत, आणि एमएस्सीच्या प्रोजेक्टला जो चांदीच्या नॅनोवायरचा विषय मिळाला तोच पुढे पीएचडीलाही घेतला. दरवर्षी कॉलेज सुरू झालं की गावाकडची दोन-तीन मुलं फोन करतात, ताई नॅनोमध्ये प्रोजेक्ट घेऊ का, कुठली मेथड घेऊ, मुंबईला गेल्याशिवाय जमतं का. प्रत्येकाला तेच सांगते म्हणून एकदा सगळं लिहूनच काढतेय.

नॅनोवायर म्हणजे काय ते डोळ्यासमोर यायला किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात जा आणि खाली बघा. वाळूवर सुरूच्या काड्यांचा थर पडलेला असतो, आडव्यातिडव्या, एकमेकींवर पडलेल्या. एसईएमखाली, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली, चांदीच्या वायर अगदी तश्शाच दिसतात, फक्त जाडी 50 ते 100 नॅनोमीटर आणि लांबी 10-20 मायक्रॉन किंवा जास्त, म्हणजे काडी 1 सेंटिमीटर जाड धरली तर ती निदान मीटरभर लांब हवी. आता काड्यांच्या फटींतून वाळू दिसते ना, तसा फटींतून उजेड आरपार जातो, आणि काड्या एकमेकींना टेकलेल्या असतात म्हणून या टोकाचा करंट त्या टोकाला पोचतो. पारदर्शकही आणि वीजवाहकही, म्हणून टचस्क्रीन, सोलर सेल, वाकणारे डिस्प्ले यांच्यासाठी यांच्यावर एवढं काम चाललंय. सध्या तिथे वापरतात तो इंडियम टिन ऑक्साइडचा थर वाकवला की तडकतो. आणि काड्या जितक्या लांब तितक्या कमी काड्यांत जाळं पूर्ण होतं, त्यामुळे सगळा खटाटोप लांब आणि बारीक वायर मिळवायचा असतो.

नवीन असाल तर पॉलिऑल मेथडने चांदी करा, दुसरं काही नको. हॉटप्लेट, ऑइल बाथ, मॅग्नेटिक स्टरर, थर्मामीटर एवढ्यात होतं, आणि हे सगळं आपल्या कॉलेजच्या लॅबमध्ये असतं. इथिलीन ग्लायकॉल गरम करायचं, तेच सॉल्व्हंट आणि तेच रिड्यूसिंग एजंट, त्यात पीव्हीपी नावाचं पॉलिमर आणि सिल्व्हर नायट्रेट घालायचं. मी शिकले ती कॉपर क्लोराइडवाली रेसिपी 2008 साली छापून आलेली आहे आणि अजूनही नवख्यांना तीच देते. 5 मिली ग्लायकॉल दीडशे अंशांच्या जरा वर तासभर ठेवायचं, मग 4 मिलीमोलर कॉपर क्लोराइडचे फक्त 40 मायक्रोलिटर, पंधरा मिनिटांनी 1.5 मिली पीव्हीपीचं सोल्यूशन आणि नंतर 1.5 मिली सिल्व्हर नायट्रेट, दोन्ही ग्लायकॉलमध्येच बनवलेली, आणि पुढे साधारण तासभर वाट बघायची. रंग बदलत जातो, आधी पिवळा, मग गडद होत शेवटी राखाडी. फ्लास्क हलवला आणि आत रेशमाच्या धाग्यासारखी चकाकती लहर फिरली की वायर झाल्या. ही लहर पहिल्यांदा दिसते तो दिवस कोणी विसरत नाही, मी तर नाहीच.

पण माझी ती लहर तीन महिने दिसलीच नाही. कधी नुसता पिवळा-तपकिरी रंग, म्हणजे गोल कण, कधी चार-दोन जाड वायर आणि बाकी चौकोनी तुकडे, आणि कधी सिल्व्हर नायट्रेट पडल्या पडल्या पांढरट गढूळ. रेसिपी तीच, हात तोच, टेम्परेचर तेच. मी टेम्परेचर बदलून बघितलं, पीव्हीपी बदललं, स्टिररचा स्पीड बदलला, वही भरली. शेवटी लॅबमधले एक सीनियर, आम्ही दादा म्हणायचो, त्यांनी विचारलं, फ्लास्क कशाने धुतेस गं? म्हटलं नळाच्या पाण्याने. त्यांनी माझा धुतलेला फ्लास्क घेतला, त्यात थोडं डिस्टिल्ड वॉटर फिरवलं आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकला. पांढरं झालं. बारावीच्या सॉल्ट अ‍ॅनालिसिसमध्ये क्लोराइडची टेस्ट करतो ना, तीच.

आता हिशोब बघा, हा मी प्रत्येक ज्युनिअरला कागदावर करायला लावते. रेसिपीतल्या 40 मायक्रोलिटरमध्ये क्लोराइड किती? साधारण 11 मायक्रोग्रॅम. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाप्रमाणे क्लोराइड चालतं ते लिटरला 250 मिलिग्रॅम, म्हणजे अशा पाण्याच्या एका थेंबात, थेंब 50 मायक्रोलिटरचा धरला तर, 12 मायक्रोग्रॅमच्या वर. म्हणजे अशा पिण्याजोग्या पाण्याचा एक थेंब फ्लास्कच्या कडेला सुकला तरी रेसिपीतलं क्लोराइड दुप्पट. पाणी उडतं, मीठ राहतं. आणि आपल्याकडे खाडीकाठच्या विहिरी-बोअरवेल उन्हाळ्यात किती मचूळ होतात ते सांगायला नको. समुद्राच्या पाण्याच्या एका थेंबात तर जवळपास 1 मिलिग्रॅम क्लोराइड, म्हणजे रेसिपीच्या 80 पटींहून जास्त.

एवढ्याशा क्लोराइडने काय होतं तेही समजून घ्या, नाहीतर नुसती पाककृती पाठ होईल. चांदीचे सुरुवातीचे बीजकण वेगवेगळ्या प्रकारचे असतात, आपल्याला हवे असतात ते पाच पाकळ्या जुळल्यासारखे, पेंटा-ट्विन्ड, कारण तेच दोन्ही टोकांनी लांब वाढतात, बाजूच्या भिंतींना पीव्हीपी चिकटून राहतं म्हणून तिथे चांदी फारशी बसत नाही, टोकांना बसते. थोडं क्लोराइड असलं की सुरुवातीची काही चांदी सिल्व्हर क्लोराइडमध्ये अडकून हळूहळू सुटते आणि बीजकण एकदम खंडीभर तयार होत नाहीत. पण क्लोराइड आणि हवेतला ऑक्सिजन मिळून तेच हवे असलेले बीजकण खाऊनही टाकतात, तिथे कॉपर ऑक्सिजन पकडून मदत करतं. म्हणजे मीठ नको असं नाही, मीठ मोजलेलं हवं. तेव्हापासून माझा नियम, काचसामान आधी नायट्रिक अ‍ॅसिडने, मग डिस्टिल्ड वॉटरने चार-पाच वेळा, शेवटच्या धुवणाला सिल्व्हर नायट्रेटची टेस्ट आणि मग ओव्हनमध्ये. नवीन ग्लायकॉलची बाटली उघडली की एक ट्रायल बॅच, कारण बाटलीबाटलीतही अशुद्धी वेगळी असते. सिल्व्हर नायट्रेट हाताला लागलं की काळे डाग आठवडाभर जात नाहीत, ग्लोव्हज घाला. ग्लायकॉलची वाफ विषारी, फ्यूम हूडशिवाय करू नका.

पावसाळ्याचं वेगळंच. पीव्हीपी हवेतलं पाणी ओढून घेतं, जुलैत वजन करता तेव्हा त्यात पाणीही मोजलं जातं, म्हणून ते डेसिकेटरमध्ये ठेवा आणि सिलिका जेल गुलाबी झालं की तापवून घ्या. लाइट जाते हे तर ठरलेलंच, निम्म्यात गेली तर ती बॅच टाका, पुन्हा गरम करून वाचवायला जाऊ नका. आणि तयार वायर उघड्या ठेवू नका, देवघरातली निरांजनं काळी पडतात तशाच याही पडतात, खाडीच्या चिखलातून सल्फरचा वायू येतो त्याने तर लवकर. इथेनॉलमध्ये, घट्ट झाकणात, अंधारात ठेवायच्या.

धुताना अ‍ॅसिटोन घालून, मग इथेनॉलने, सेंट्रिफ्यूज 2000 आरपीएमच्या आसपासच, म्हणजे वायर खाली बसतात आणि बारीक कण बरेचसे वरच्या द्रवाबरोबर निघून जातात. सोनिकेट करू नका, म्हणजे अल्ट्रासाउंडने हलवू नका, वायर तुटतात, हे कोणी सांगत नाही आणि लांब वायर आखूड होऊन बसतात. एसईएमला पाठवायच्या आधी यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रम घ्या, वायरचे पीक 350 आणि 380 नॅनोमीटरच्या आसपास येतात, 420 जवळ मोठा फुगवटा असेल तर कण भरपूर आहेत, मग पैसे घालवू नका, पुन्हा धुवा.

दुसरी मेथड टेम्प्लेटची, म्हणजे साच्याची. अ‍ॅल्युमिनियमच्या शुद्ध पत्र्याला ऑक्झॅलिक अ‍ॅसिडमध्ये 40 व्होल्ट दिले की वर ऑक्साइडचा थर येतो त्यात मधमाशीच्या पोळ्यासारखी सरळ भोकं पडतात, दोन भोकांत साधारण 100 नॅनोमीटर अंतर. दोनदा अ‍ॅनोडाइज करून हे छान रांगेत आणता येतं हे जपानमध्ये मासुदा आणि सातोह यांनी 1996 मध्ये दाखवलं. खालून सोन्या-चांदीचा पातळ थर देऊन भोकांत इलेक्ट्रोडिपॉझिशन करायचं, म्हणजे विजेने धातू बसवायचा, आणि शेवटी साचा कॉस्टिक सोड्यात विरघळवायचा. भोक जेवढं तेवढी वायर, निकेल, कोबाल्ट, थराथराचीही करता येते, म्हणून मॅग्नेटिझममध्ये जायचं असेल तर हीच शिका. करंट एकदम वर चढला की समजा वायर भोकाबाहेर आल्या, थांबवा. माल मात्र थोडाच मिळतो.

तांब्याच्या वायर स्वस्त, पण त्यांच्या नेहमीच्या मेथडला हायड्रॅझिन लागतं, ते फार विषारी, आणि आपल्या हवेत त्या पटकन ऑक्सिडाइज होतात, पहिल्या वर्षी नको. इंटरव्ह्यूला व्हीएलएस, म्हणजे व्हेपर-लिक्विड-सॉलिड मेथड, हमखास विचारतात, वॅग्नर आणि एलिस, 1964, सोन्याच्या थेंबातून सिलिकॉनच्या वायर. सोनं 1064 अंशांना वितळतं, सिलिकॉन 1414 ला, पण दोघांचं मिश्रण 363 लाच, एवढं समजलं की बाकी आपोआप सांगता येतं. ती मुख्यतः सेमीकंडक्टरची मेथड आहे, चांदीशी गोंधळ करू नका.

मुंबईला जावंच लागतं का, तर वायर बनवायला नाही. बीएस्सीनंतर जॅम, म्हणजे आयआयटीतल्या एमएस्सीची प्रवेशपरीक्षा, द्या, एमएस्सीनंतर नेट किंवा गेट, पण मधल्या काळात कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात नॅनोसायन्सचा वेगळा विभाग आहे तिथे जाऊन बघा, आयआयटी बॉम्बेत बाहेरच्या कॉलेजवाल्यांसाठी आयएनयूपीची (इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूजर्स प्रोग्रॅमची) ट्रेनिंग असतात त्याला अर्ज करा, गाइड सरांचं पत्र घेऊन. मोठी मशिनं तिकडे, सिंथेसिस इकडे, असं चालतं. मी सॅम्पल आंबा घाटातून एसटीने कोल्हापूरला नेलेत, बाटली काठोकाठ भरायची म्हणजे आत डचमळत नाही, झाकणाला पॅराफिल्म, कापसात गुंडाळून काळ्या कागदात, आणि बॅग मांडीवर. पोचल्यावर तळाशी राखाडी थर बसलेला दिसेल, घाबरू नका, बाटली हळूहळू उलटीसुलटी करा, दोन-तीन मिनिटांत लहर परत दिसते.