ठिबकचा कंट्रोलर: बोर्ड भरण्याआधी एलटीस्पाइसमध्ये चालवून बघा

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत ठिबकचा व्हॉल्व्ह उघडणारा कंट्रोलर करताना रिलेची (कॉइलमधल्या छोट्या करंटने व्हॉल्व्ह चालू-बंद करणाऱ्या स्विचची) बाजू कुणी तपासत नाही. भाग चारच, त्यात काय बघायचं? नेमकं तिथेच अडतं. एलटीस्पाइस म्हणजे सर्किट कॉम्प्युटरवर चालवून बघायचं सॉफ्टवेअर; फुकट आहे, अर्धा तास पुरतो.

सिम्युलेशनमध्ये रिले म्हणजे सीरिजमधला एक रेझिस्टर आणि एक इंडक्टर. १२ व्होल्टच्या शुगर क्यूब रिलेची कॉइल साधारण ४०० ओहमची असते. मल्टिमीटर लावून खात्री करा. इंडक्टन्स डेटाशीटमध्ये सहसा नसतो, ०.५ हेन्री धरा. कॉइलला समांतर, उलट्या दिशेने १एन४००७ डायोड; खाली बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, त्याच्या बेसला १० किलोओहम, त्यावर ३.३ व्होल्टची पल्स. ग्राउंडचं चिन्ह विसरू नका.

रन केलं की सगळं छान दिसतं, आणि फसगत इथेच होते. बेसमध्ये (३.३ − ०.७) ÷ १०,००० म्हणजे ०.२६ मिलिअँपिअर जातो. कॉइलला १२ ÷ ४००, म्हणजे ३० मिलिअँपिअर लागतात. लायब्ररीतल्या बीसी ५४७सी मॉडेलचा गेन (बेसचा करंट किती पट होतो तो आकडा) चारशेच्या घरात, म्हणून निभावतं. दुकानातून ए ग्रेडचा आला तर किमान गेन ११०, म्हणजे जेमतेम २८.६. रिले ओढायला ७५ टक्के, म्हणजे २२.५ लागतात. रिले ओढेल, पण हातात फारसं उरत नाही. शिवाय निफाडला पहाटे पारा पाचाखाली उतरतो तेव्हा गेनही उतरतो. मॉडेलमध्ये हा परिणाम भरलेला असेलच असं नाही, म्हणून स्टेप कमांडने (एकच आकडा बदलून पुन्हा पुन्हा रन करणाऱ्या) बीएफ, म्हणजे मॉडेलमधला गेन, ८०, ११०, ४०० असा फिरवा. मग बेसला १ किलोओहम टाका: २.६ मिलिअँपिअर मिळतो, गेन १२ असला तरी भागतं.

आता कॉइलवरचा १एन४००७ डायोड मुद्दाम काढा. पल्स बंद होताच कलेक्टर हजारो व्होल्टवर उडालेला दिसेल, तरी ट्रान्झिस्टर ठणठणीत! मॉडेलला ब्रेकडाउन, म्हणजे जास्त व्होल्टेजने ट्रान्झिस्टर फुटणं, ठाऊकच नाही. खऱ्या बीसी ५४७ची मर्यादा ४५ व्होल्ट आहे. म्हणजे 'चाललं' एवढ्यावर थांबू नका, प्रत्येक व्होल्टेज डेटाशीटशी ताडा. डायोड परत लावला की तोच आकडा १२.७च्या आसपास येतो.

बॅटरीचं व्होल्टेज मोजण्यासाठी ते विभागून कमी करणाऱ्या रेझिस्टरच्या जोडीला (डिव्हायडरला) १ मेगओहम लिहिताना नुसतं 'एम' टाकलंत तर ते मिली धरलं जातं, 'मेग' लिहा.

तारही सर्किटचाच भाग. दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या १०० मीटर तारेचे जाऊन-येऊन २.४ ओहम होतात. अर्धा अँपिअर ओढणारा व्हॉल्व्ह तिथे १.२ व्होल्ट गमावतो. बॅटरी ११ व्होल्टवर ठेवून रन करा. व्हॉल्व्हवर उरलेलं व्होल्टेज त्याच्या किमान आकड्याखाली गेलं तर तार जाड घ्या.