झटका सुटतो कुठून? व्हिडिओ-ईईजी विभागात नव्याने येणाऱ्यांसाठी

दोन योग्य औषधे पुरेशा मात्रेत देऊनही ज्याच्या अपस्माराच्या फिट्स (झटके) थांबत नाहीत, त्याच्या शस्त्रक्रियेचा विचार सुरू होतो, आणि तेव्हा सगळ्यांचे लक्ष तुमच्या व्हिडिओ-ईईजीकडे, म्हणजे रुग्णाचे चित्रण आणि मेंदूच्या विद्युत लहरी एकत्र टिपणाऱ्या नोंदीकडे, लागते. म्हणून एक गोष्ट पहिल्या दिवशीच पक्की करा: झटका पडद्यावर जिथे दिसू लागला ती जागा आणि मेंदूत तो जिथे सुरू झाला ती जागा एकच असेल असे नाही. मेंदूचा साधारण १० चौरस सेंटिमीटर बाह्यस्तर एकाच वेळी सक्रिय झाला, तरच कवटीवरच्या इलेक्ट्रोडला ठळक काही कळते. हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे टेम्पोरल लोबच्या (कानाजवळच्या भागाच्या) आत खोलवर, सुरू झालेला झटका तिथवर पोचेपर्यंत कित्येक सेकंद गेलेले असतात.

काम केसांपासून सुरू होते. आदल्या दिवशी शाम्पूने डोके धुवायचे, तेल अजिबात नाही, हे दाखल होण्याआधीच फोनवर सांगा. खोबरेल मुरलेल्या त्वचेवर कितीही घासले तरी इम्पिडन्स (त्वचा आणि इलेक्ट्रोड यांच्यातला विद्युत अडथळा) खाली येत नाही. मोजमाप टेपनेच करा, अंदाजाने नाही. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत ३६ सेंटिमीटर भरले, तर पहिली खूण ३.६ वर (१० टक्के) आणि पुढच्या ७.२ च्या (२० टक्के) अंतराने. एका बाजूचा इलेक्ट्रोड सेंटिमीटरभर सरकला की दोन्ही बाजूंच्या लहरींची उंची वेगळी दिसते आणि नसलेला दोष सापडतो. इम्पिडन्स ५ किलोओहमच्या खाली हवा, आणि सगळ्यांचा जवळपास सारखा हवा; एकच वर गेला तर विजेच्या पुरवठ्याची ५० हर्ट्झची गुणगुण त्याच चॅनेलमध्ये (नोंदीच्या ओळीत) शिरते. तेवढीच वारंवारता गाळणारा नॉच फिल्टर लावून ती झाकू नका, इलेक्ट्रोड पुन्हा बसवा. अनेक दिवसांच्या नोंदीसाठी कोलोडियन (चिकटवण्याचा द्रव) आणि गॉज वापरा, रोज सकाळी तपासा. टेम्पोरल लोबची खालची बाजू नेहमीच्या २१ इलेक्ट्रोडमधून निसटते, म्हणून डावीकडे एफ-९, टी-९, पी-९ (अक्षर मेंदूच्या भागाचे, विषम आकडा डावीकडचा, सम उजवीकडचा) आणि उजवीकडची १० क्रमांकाची रांग लावाच.

झटका आला की पहिले मिनिट सर्वांत मोलाचे. पांघरूण काढा, दिवा लावा, कॅमेरा आणि रुग्ण यांच्या मध्ये उभे राहू नका. नाव विचारा, दोन्ही हात वर करायला सांगा, ‘हत्ती’ असा एखादा शब्द लक्षात ठेवायला द्या आणि शुद्धीवर आल्यावर तोच विचारा. हे सारे रुग्णाच्या घरच्या भाषेत. नाहीतर बोलणे खरेच गेले की प्रश्नच कळला नाही, हे ठरवता येत नाही. नातेवाइकांना बटण दाबायला शिकवा आणि दिसेल ते मोठ्याने बोलायला सांगा. ‘पोटातून काहीतरी वर येतंय’ हे रुग्णाचे वाक्य ध्वनिमुद्रित झाले, तर टेम्पोरल लोबच्या आतल्या भागाकडे बोट दाखवणारा तो मोठा धागा असतो. एक हात वाकडा होऊन ताठरला, तर उगम बहुधा विरुद्ध बाजूचा. मात्र सुरक्षितता आधी: कठडे वर, सलाइनची सुई चालू स्थितीत, आणि झटका ५ मिनिटांवर गेला तर ठरलेले इंजेक्शन. झटका नोंदला जावा म्हणून औषध किती आणि कधी कमी करायचे हे डॉक्टरच ठरवतील.

वाचताना ठळक लयीपासून मागे मागे जा. टेम्पोरल झटक्यात ५ ते ९ हर्ट्झची लय चटकन डोळ्यांत भरते. तिच्या आधी लहरी एकदम चपट्या झाल्या का, ते पाहा. बायपोलर माँटाजमध्ये (शेजारच्या इलेक्ट्रोडांच्या जोड्यांची साखळी असलेल्या मांडणीत) एफपी-२ ते एफ-८ आणि एफ-८ ते टी-८ या चॅनेलांतली टोके समोरासमोर आली, तर सर्वांत जास्त ऋण भार एफ-८ खाली. पण उगम साखळीच्या टोकाशी, म्हणजे ओ-१ किंवा एफपी-१ पाशी असेल, तर अशी समोरासमोर टोके मिळतच नाहीत. कानाचा संदर्भ घेतलात (प्रत्येक इलेक्ट्रोडची तुलना कानावरच्या इलेक्ट्रोडशी केलीत) आणि कानच टेम्पोरल स्पाइकमध्ये (टोकदार लहरीत) सामील असला, तर त्या बाजूचे सगळे चॅनेल खाली झुकतात. तेव्हा संदर्भ बदलून पाहा. स्नायूंचा गोंधळ कमी करायला हाय फिल्टर (त्याहून जलद लहरी गाळणारा) १५ हर्ट्झवर आणला, तर स्नायूच मेंदूच्या जलद लहरींसारखे दिसू लागतात. तो फिल्टर तात्पुरता वापरा, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

आता सर्वांत महत्त्वाची तुलना. व्हिडिओत हालचाल आधी आणि ईईजीत बदल १० सेकंदांनी, असे असेल तर तुम्ही पाहताय तो पसरलेला झटका. ऑक्सिपिटल (मागच्या) लोबचे झटके टेम्पोरलमध्ये पसरून असे फसवतात. फ्रंटल (पुढच्या) लोबच्या मधल्या भिंतीतले तर कधी चुकीची बाजूही दाखवतात. व्हिडिओ आणि ईईजीची घड्याळे जुळलेली नसतील, तर ही तुलनाच कोसळते.

मेंदूच्या आत बारीक इलेक्ट्रोड घालून घेतलेल्या नोंदीलाही, म्हणजे एसईईजीलाही, हाच नियम. ही पद्धत पॅरिसमध्ये तालेराक आणि बांको यांनी विकसित केली. इलेक्ट्रोड ०.८ मिलिमीटर जाडीचा, संपर्कबिंदू २ मिलिमीटर लांबीचे. १ क्रमांकाचा सर्वांत आत. नावापुढे वरच्या बाजूला प्राइमचे चिन्ह (′) म्हणजे डावी बाजू. इलेक्ट्रोड बसवल्यानंतरचा सीटी आधीच्या एमआरआयवर बसवून प्रत्येक बिंदूची जागा पडताळा, कारण वायरी जोडायच्या खोक्यात दोन वायरी अदलाबदल झाल्या तर सगळा नकाशाच चुकतो. नोंद २००० हर्ट्झने (सेकंदाला २००० नमुने) घ्या आणि हाय फिल्टर ७० वर ठेवू नका. उगमाशी येणारी कमी उंचीची जलद लय त्यातच कापली जाते. आणि इथेही लक्षण आधी, लहर नंतर असे झाले, तर उगमापाशी इलेक्ट्रोडच नाही. अहवालात ‘उगम इथे’ असे न लिहिता ‘नोंदवलेल्या बिंदूंपैकी पहिला बदल इथे, लक्षणाच्या इतके सेकंद आधी किंवा नंतर’ असे लिहा. सर्जन कापायची रेषा त्या वाक्यावरून आखतो.