कांद्याच्या ट्रकवरून तेलाच्या टँकरवर : ड्रायव्हर कसा तयार करायचा

नाशिकच्या आडगाव नाक्यावर चहाला थांबलं की कोणीतरी ड्रायव्हर मोबाईल पुढे करतोच, युगांडात तेल निघालंय, ट्रक ड्रायव्हर पाहिजेत, पासपोर्ट द्या आणि पैसे भरा असा मेसेज असतो. आधी याचंच सांगतो कारण यात गरीब पोरांचे पैसे बुडतात. तेल निघालंय हे खरंय, 2006 मध्ये तिथे तेल सापडलं आणि होइमापासून टांझानियातल्या टांगा बंदरापर्यंत 1443 किलोमीटरची पाइपलाइन ठरली. पण त्यांच्या 2016 च्या नियमांत तेलक्षेत्रातली वाहतूक हे काम तिथल्याच लोकांसाठी राखीव ठेवलंय, त्यामुळे साधी ट्रक चालवायची नोकरी नाशिकच्या पोराला तिथे मिळेल असं सांगून कोणी पैसे मागत असेल तर सरळ नाही म्हणा.

तिथून एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. तेल बाहेर यायच्या कितीतरी आधी ड्रायव्हर लागतात. पाइप, रिगचे सुटे भाग, सिमेंट, मशिनरीचं डिझेल, कॅम्पचा किराणा, सगळं ट्रकवरूनच जातं, आणि तेल कंपन्यांना नुसता गाडी चालवणारा चालत नाही. आपल्याकडे राजस्थानात बाडमेरला तेच झालं, 2004 मध्ये मंगला हे तेलक्षेत्र सापडलं, 2009 मध्ये तेल सुरू झालं, आणि मग पचपदऱ्याला वर्षाला 90 लाख टनांची रिफायनरी उभी राहायला लागली. आणि बाडमेरच्याही आधी आपल्या घराजवळ काय आहे ते बघा ना, मनमाडजवळ पानेवाडीला भारत पेट्रोलियम, इंडियन ऑइल, हिंदुस्थान पेट्रोलियम तिघांचे डेपो आहेत. जानेवारी 2024 मध्ये टँकरवाल्यांनी गाड्या उभ्या केल्या तेव्हा नाशकात पंपांवर केवढ्या रांगा लागल्या होत्या, आठवत असेल. म्हणून पोराला आधी इथे तयार करा, इथला नीट तयार झालेला ड्रायव्हर बाडमेरला काय किंवा कुठेही काय, उभा राहू शकतो.

कागदाचं थोडक्यात सांगतो. वय 20 पूर्ण पाहिजे आणि हलक्या गाडीचं लायसन किमान एक वर्ष जुनं पाहिजे, मग हेवीचं. त्यानंतर धोकादायक मालासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 9 लागतो, त्यात मान्यताप्राप्त संस्थेचं तीन दिवसांचं ट्रेनिंग असतं आणि त्याच्या सर्टिफिकेटवर पेठ रोडच्या आरटीओत लायसनवर नोंद करून घ्यायची. 2019 च्या कायद्यातल्या बदलानंतर हे तीन वर्षं चालतं, मग परत उजळणी. आणखी एक गोष्ट आहे जी पोरं विसरतात, या नियमात एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता वाचता आलं पाहिजे असं आहे. दहावी झालेला पोरगासुद्धा इथे घाबरतो. मी रोज पाच शब्द लिहून घेतो, टँकरवर, डेपोच्या गेटवर, ट्रेम कार्डवर (माल कुठला, धोका काय आणि अपघात झाला तर काय करायचं ते लिहिलेलं कार्ड) जे शब्द असतात तेच. महिनाभरात भीती जाते. नंबरही पाठ करून घ्या, गाडीच्या पाटीवर 1203 म्हणजे पेट्रोल, 1202 म्हणजे डिझेल. ट्रेम कार्ड केबिनमध्ये हाताला लागेल असंच ठेवायचं, सीटखालच्या पेटीत ठेवून उपयोग नाही, फायर ब्रिगेडवाला आला की पहिलं तेच मागतो.

आता खरं काम. तीन दिवसांत सर्टिफिकेट मिळतं पण हातापायाची सवय तीन दिवसांत जात नाही. आपली बहुतेक पोरं लासलगाव पिंपळगावचा कांदा भरून दिल्ली कोलकाता करणारी, आणि कांद्याची गोणी जिथे ठेवली तिथेच बसते. तेल तसं बसत नाही. ब्रेक मारला की ते पुढे येतं, वळणावर बाहेरच्या बाजूला चढतं, आणि गाडी सरळ झाल्यावर परत उलटं येतं. टँकरला कप्पे असतात, आत आडव्या पट्ट्या असतात, त्यामुळे पुढे-मागे हिसका कमी होतो, पण आडवा झोका राहतोच आणि टाकीचं वजन उंचावर असतं. गोल वळणावर, पुलाखालच्या रॅम्पवर टँकर आडवे होतात त्याचं कारण हेच.

हे सांगून कळत नाही. मी काय करतो, उन्हाळ्यात नांदगाव येवल्याकडे पाण्याचे टँकर फिरतात त्यातला एक भाड्याने घेतो, निम्मा भरतो आणि मोकळ्या मैदानात पोराला 20 च्या स्पीडला चालवायला लावतो. निफाडचा एक पोरगा होता, आठ वर्षं दहाचाकी चालवलेला, त्याने नेहमीसारखा ब्रेक दाबला, गाडी थांबली, आणि एका सेकंदानंतर मागून धक्का बसून परत हातभर पुढे सरकली. त्याने दचकून मागे बघितलं, त्याला वाटलं कोणी ठोकलं. मग मी त्याला डॅशबोर्डवर अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी ठेवायला दिली आणि सांगितलं की आता आठ दिवस या बाटलीतलं पाणी शांत ठेवून चालव. ब्रेक आधी आणि हळू, वळणाच्या आत शिरल्यावर ब्रेक नाही, वळणाच्या आधीच स्पीड खाली. चौथ्या दिवशी त्याचा पाय बदलला होता.

दुसरी सवय मोडायची ती न्यूट्रलची. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल मारायचं हे आपल्याकडे बापापासून पोराकडे आलंय. टँकरवर हे अजिबात चालणार नाही. कसारा घाट उतरताना चढायला जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्ये, इंजिनाच्या जोरावर आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी हळू करणारा ब्रेक) लावून उतरायचं. सारखा सारखा ब्रेक दाबत राहिलं तर ब्रेकची हवा कमी होते आणि ड्रम तापतात, तापलेला ड्रम म्हणजे लायनर धरत नाही, आणि पाठीवर वीस हजार लिटर तेल. घाटाच्या वर गाडी थांबवून ब्रेक, हवा, टायर बघून मगच उतरायला शिकवा, मालक कितीही फोन करू दे.

रस्त्यावरचा सराव पानेवाडी, मनमाड, चांदवड, पिंपळगाव, ओझर, आडगाव याच रस्त्यावर घ्या. कांद्याच्या सीझनला मार्केटसमोर ट्रॅक्टरच्या रांगा असतात, रात्री बऱ्याच ट्रॉल्यांना मागे लाल दिवा किंवा रेडियमसुद्धा नसतं, तिथे अंतर ठेवायला शिकतो तो कुठेही शिकतो. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मोजायचं, आपण तिथे पोचेपर्यंत किमान पाच अंक झाले पाहिजेत, पावसात दहा. आणि हायवेवर यू टर्न घ्यायचा नाही. डिसेंबर 2024 मध्ये जयपूरजवळ वळणाऱ्या गॅस टँकरला ट्रकने धडक दिली, गॅस सुटला आणि आजूबाजूच्या गाड्यांसकट माणसं जळाली. पाच किलोमीटर पुढे जाऊन वळलं तरी चालेल.

डेपोतलं काम गाडी चालवण्याइतकंच महत्त्वाचं. मोबाईल, माचिस, लायटर गेटवर जमा. कपडे सुती, नायलॉनचा शर्ट नको कारण त्यात करंट साठतो. सायलेन्सरला स्पार्क अरेस्टर, म्हणजे ठिणगी बाहेर पडू न देणारा भाग. माल भरायच्या जागेवर, म्हणजे बेवर, गाडी लागली की इंजिन बंद, हँडब्रेक, मास्टर स्विच बंद, चाकाखाली ठोकळा, आणि मग पहिलं अर्थिंग, म्हणजे साठलेली वीज जमिनीत सोडणारी वायर, त्यानंतर पाइप. काढताना उलटं, आधी पाइप, शेवटी अर्थिंग. याचं कारण पोराला सांगा, नुसता नियम सांगितला तर तो घाईत विसरतो. पाइपातून तेल वाहतं तेव्हा वीज साठते आणि अर्थिंग नसेल तर ती ठिणगी होऊन उडते. त्यातही ज्या कप्प्यात आधी पेट्रोल होतं त्यात डिझेल भरताना जास्त जपायचं, कारण पेट्रोलची वाफ उरलेली असते आणि हवा मिसळून ती बरोब्बर पेट घेईल इतकी पातळ होते.

पंपावर गाडी रिकामी करताना आधी थोडं थांबून माल स्थिर होऊ द्यायचा, डिप (पट्टी बुडवून तेलाची उंची) आणि डेन्सिटी (घनता) पंपवाल्यासमोर मोजायची, आणि कुठल्या टाकीच्या तोंडावर पाइप लावतोय ते स्वतः वाचून बघायचं. पेट्रोल डिझेलच्या टाकीत गेलं तर दोन्ही माल गेला. दोन पंपांचा माल असेल तर कुठला कप्पा आधी रिकामा होणार हे निघतानाच ठरवा, पुढचे रिकामे आणि मागचे भरलेले राहिले की स्टेअरिंग हलकं होतं.

गाडी उलटली तर काय, हेसुद्धा प्रत्यक्ष करून घ्या, मी महिन्यातून एकदा करतो. इंजिन आणि मास्टर स्विच बंद, वारा कुठून येतोय ते बघून त्याच बाजूला जायचं, 112 ला फोन लांब जाऊन करायचा, आणि लोक कॅन बादल्या घेऊन येतात त्यांना ओरडून, हात जोडून, कसंही करून लांब ठेवायचं. 2017 मध्ये पाकिस्तानात बहावलपूरला उलटलेल्या टँकरमधलं पेट्रोल भरायला लोक जमले आणि 200 च्या वर माणसं गेली.

पोरगा तयार झाला का हे मी डेपोत बघत नाही, तिथे सगळेच नीट वागतात. रात्री अकराला गावाकडच्या एखाद्या पंपावर बघतो. पंपाचा माणूस झोपेतून उठलेला, म्हणतो अरे लाव ना पाइप पटकन, वायर काय शोधतोस. निफाडचा तो पोरगा काही बोलला नाही, अर्थिंगची क्लिप घासून स्वच्छ केली, लावली, हलवून बघितली आणि मग पाइपाला हात लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रान्सपोर्टवाल्याला फोन केला की याला एकट्याला गाडी द्या.