देएसातली सायकलिंग: या चुका टाळा, निदान माझ्यासोबत येणार असाल तर

मार्च लागला की पुण्याहून कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "यंदा तुझ्याकडे येतोय, मस्त सायकली हाणू." मी दक्षिण स्पेनमधल्या सेव्हिलला राहतो. गाडीत सायकली टाकून उत्तरेला निघालं की तासाभरात एक्स्त्रेमादुरा प्रांताची हद्द लागते. विरळ ओक, खाली गवत, गवतात गुरं, मेंढ्या आणि काळी डुकरं. या चराऊ रानाला इथे देएसा म्हणतात. त्यातून जाणारे आडरस्ते इतके मोकळे असतात की तासाभरात चार गाड्या भेटल्या तर आम्ही 'आज फार वर्दळ आहे' म्हणून कुरकुरतो. रस्त्यांची काही तक्रार नाही. येणारी मंडळी मात्र दरवर्षी त्याच त्या चुका करतात आणि मी दरवर्षी तेच ते सांगून दमतो. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पुण्याचं घड्याळ सोबत आणणं

"पहाटे पाचला निघू, नऊपर्यंत ऐंशी किलोमीटर उरकून मोकळे." सिंहगड रस्त्यावर हे शहाणपण आहे. इथे एप्रिलच्या मध्यावर सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो, आणि ऑक्टोबर संपताना, घड्याळं हिवाळ्यासाठी तासभर मागे घेण्याआधी, जवळपास पावणेनऊ होतात. पाचला निघालात तर मिट्ट काळोखात हरणं चुकवत बसाल.

भानगड अशी की नकाशात हा मुलूख लंडनच्याही पश्चिमेला आहे आणि घड्याळ मात्र बर्लिनचं. १९४० मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत काटे तासभर पुढे केले, ते कायमचेच. त्यावर उन्हाळ्यात आणखी एक तास. त्यामुळे मे महिन्यात एक्स्त्रेमादुरातल्या त्रुहियो गावी सूर्य डोक्यावर येतो तो सव्वादोननंतर. घड्याळात चार वाजतात तेव्हा उन्हाच्या हिशेबाने दीड-पावणेदोनच झालेले असतात. खरा भाजणारा वेळ पाच ते साडेसहा.

हे मी माझ्या मामेभावाला विमानतळावरच सांगितलं होतं. त्याने मान डोलावली. मेअखेर होती. त्रुहियोहून मोनफ्रागुए राष्ट्रीय उद्यानातल्या गिधाडांच्या कड्यापर्यंत जाऊन परत यायचं, असा बेत. साहेब उठले साडेनऊला. कडा बघून झाला, परतीच्या वाटेवर तोर्रेहोन एल रुबिओ गावात जेवण झालं, आणि मग ठराव मांडला गेला: "चारला ऊन उतरेल, तेव्हा निघू." एकच बाटली, तीही अर्धी. भर म्हटलं, तर "वाटेत मिळेल की."

वाटेत! आपल्याकडे घाटात दर दोन वळणांना टपरी असते, चहा, भजी, थंडगार पाण्याची बाटली. ती सवय रक्तात असते, म्हणून टपरी नसलेला रस्ता आपल्याला कल्पनेतही दिसत नाही. तोर्रेहोन ते त्रुहियो चाळीसेक किलोमीटर आहे आणि मधल्या मोठ्या पट्ट्यात कुंपण, दगडी गडगे आणि झाडं एवढंच. झाडं खूप, सावली शून्य. कारण ओक कुंपणाच्या आत, आणि सावली पडते ती गाईंच्या अंगावर.

पंधराव्या किलोमीटरला त्याचं बोलणं बंद झालं. मग बघितलं तर जर्सीवर मिठाचे पांढरे ओघळ आणि एवढ्या उन्हात दंडावर काटा आलेला. तो काटा दिसला की पुढे एक पॅडल मारायचं नाही. रस्त्याखाली पावसाच्या पाण्यासाठी एक मोरी होती, त्यात त्याला नेऊन बसवलं. मेंढ्यांच्या लेंड्या, वाळका चिखल, पण त्या टापूतली तेवढीच सावली. माझं निम्मं पाणी त्याच्या मानेवर ओतलं आणि उरलेलं घोट घोट पाजलं. अर्ध्या तासाने साहेबांना वाचा फुटली: "इथे एकही टपरी नाही का रे?"

आम्ही त्या मोरीत सव्वाआठपर्यंत बसलो. सूर्यास्ताला अजून तासभराहून जास्त होता, पण उन्हाचा चटका गेला होता. पुढचा रस्ता त्याने शीळ घालत कापला.

माझी सवय सांगतो: दिसू लागलं की निघायचं, दहाच्या आत दुसरी कॉफी आणि टोमॅटो-ऑलिव्ह तेलाचा टोस्ट, दोनला सायकल भिंतीला टेकलेली. दोन बाटल्या भरलेल्या असल्याशिवाय गाव सोडायचं नाही. पुढचं गाव सात किलोमीटरवर असलं तरी.

'दुकान उघडं असेलच'

नसेल. दोन ते पाच शटर खाली, रविवारी दिवसभर खाली. उघडा असतो तो बार. तिथे नळाचं पाणी फुकट द्यायचं असा २०२२ पासून कायदाच आहे, पण मी आधी कॉफी सांगतो आणि मग बाटली पुढे करतो. बारही बंद असेल तर गावाबाहेर सायप्रसची उंच झाडं शोधा. ती स्मशानभूमी. फुलांना पाणी घालायला तिथे बहुधा नळ असतो. कुठल्याही नळावर वा कारंज्यावर 'नो पोताब्ले' लिहिलेलं असेल तर डोकं भिजवा, पिऊ नका.

ॲपने सुचवलेला शॉर्टकट

या विषयावर मी शांतपणे बोलू शकत नाही. ॲपला डांबर आणि माती यांतला फरक कळतो, पण कुलूप कळत नाही.

ऑक्टोबरमध्ये आम्ही तिघे सिएर्रा दे सान पेद्रोच्या डोंगरांत मोठा वळसा घालून अल्बुर्केर्के गावी परतत होतो. हा बुचाच्या ओकचा मुलूख. आमच्यातल्या एका नवख्याने फोन बघून जाहीर केलं की डावीकडच्या कच्च्या वाटेने सहा किलोमीटर वाचतात. मी नको म्हटलं. तो म्हणाला, "अरे, मार्क केलेला रूट आहे, झाडांवर नंबर आहेत बघ." खरंच होते. प्रत्येक खोडावर पांढऱ्या रंगात ठळक ९. किलोमीटरचे दगड असावेत तसे. फक्त पुढच्या झाडावरही ९ आणि त्याच्या पुढच्यावरही.

बुचाची साल साधारण नऊ वर्षांनी एकदा सोलतात. कुठल्या साली सोलली तो शेवटचा आकडा खोडावर रंगवतात, म्हणजे चुकून लवकर हात लागत नाही. ९ म्हणजे २०१९. झाड नऊ वर्षं थांबतं आणि आमच्या या पठ्ठ्याला सहा किलोमीटर धीर धरवत नव्हता.

दोन किलोमीटरनंतर वाळू. तीनवर तारेचं फाटक, ते उघडलं, जाऊन पुन्हा तसंच लावलं. (फाटक जसं सापडेल तसंच ठेवायचं. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. गुरं निघून गेली तर मालकाचा दिवस वाया जातो.) चारवर लोखंडी फाटक, साखळी, कुलूप, आणि शिकारीच्या खाजगी रानाची ती काळी-पांढरी तिरकी पाटी. मागे वळलो तर चाकांतून टिकटिक आवाज येऊ लागला. टायर फिरवून पाहिलं: सराटे. आपल्या माळरानावरचे, अनवाणी पायाला रडवणारे तेच सराटे, इथे त्यांना आब्रोहो म्हणतात. माझ्या पुढच्या टायरमधून अकरा उपसले. तिघांत मिळून ट्यूब चार. शेवटची दोन पंक्चरं पांढऱ्या व्हॅनमधल्या एका आजोबांच्या बादलीत बुडबुडे शोधून काढली. आजोबांनी आम्ही आलो त्या वाटेकडे हात करून एवढंच म्हटलं, "तिकडे काही नाही." सहा किलोमीटर वाचवायला साडेतीन तास.

तेव्हापासून डांबर सोडायचं नाही, हा माझा नियम. जुने मेंढरांचे मार्ग बघायचेच असतील तर रुंद टायरची सायकल घेऊन वेगळ्या दिवशी जा. ते मार्ग तेराव्या शतकापासून मेंढ्यांसाठी राखलेले आहेत, पंचवीस मिलिमीटरच्या टायरसाठी नाहीत.

बाकीच्या चुका चटकन सांगतो.

गुरं अडवायला रस्त्यात लोखंडी पाइपांची जाळी असते. ती सरळ ओलांडा. हँडल तिरकं नको, वर ब्रेक नको, ओली असेल तर अजिबातच नको.

नोव्हेंबरात झाडांखाली उतार जपून. ओकची फळं रस्त्यावर गोट्यांसारखी पसरलेली असतात.

कळप राखणारे मास्तीन कुत्रे अंगावर आले तर सायकल पळवू नका. उतरा, सायकल मध्ये ठेवा, चालत पुढे सरका. कळपापासून तुम्ही लांब गेलात की त्यांचं काम झालं. कळपातून सायकल घालणाऱ्याला मात्र माझी सहानुभूती नाही.

रस्त्याच्या नावात 'एन' (म्हणजे राष्ट्रीय रस्ता) दिसलं की लोक घाबरतात. एन-६३० ला शेजारून ए-६६ महामार्ग आहे, ट्रक सगळे तिकडे, त्यामुळे जुना रस्ता बहुतेक ठिकाणी आपल्यालाच आंदण. उलट आरासेनाच्या डोंगरातला एन-४३३ पोर्तुगालकडच्या ट्रकांचा आहे, तो टाळा.

पहिल्याच दिवशी पिको व्हियुएर्कास शिखर नको. उंची १,६०० मीटर. २०२१ च्या व्हुएल्ता या स्पेनच्या मोठ्या सायकल शर्यतीचा चौदावा टप्पा तिथे संपला आणि रोमँ बार्दे जिंकला, म्हणून तुम्ही जिंकाल असं नाही.

गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं आहे.

आणि मोसम. मार्च ते मेचा मध्य, नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो, हे मी मोरीत बसून सविस्तर समजावलं होतं. मामेभावाचा काल मेसेज आला. सुट्टी मंजूर झाली, तिकीट स्वस्तात मिळालं. बारा ऑगस्टचं.