भूपट्टांमध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब वर्गात कसा दाखवावा

एक भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा, दुसऱ्याखाली सरकतो, त्या अधोगमन क्षेत्रातील भूकंप शिकवताना ‘पाण्यामुळे खडक निसरडे होतात’ एवढे सांगून पुढे जाण्याची पद्धत आहे. ते अपुरे आहे. खडकांच्या भेगांत कोंडलेले पाणी वरच्या भाराचा काही भाग स्वतः पेलते, त्यामुळे दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर कमी जोराने दाबले जातात आणि घर्षणाची पकड सैल होते. पुण्यातील कोणत्याही कनिष्ठ महाविद्यालयात हे एका तासात दाखवता येईल.

किंग हबर्ट आणि विल्यम रुबी या अमेरिकी भूवैज्ञानिकांनी 1959 साली हा प्रयोग बिअरच्या रिकाम्या डब्याने मांडला होता. आपल्या वर्गासाठी रसगुल्ल्याचा डबा अधिक बरा. त्याचे एक झाकण पूर्ण कापून काढावे, धारदार कड कानशीने घासावी आणि डबा फ्रीझरमध्ये चांगला गार करावा. सुमारे 60 सेंमी लांबीची स्वच्छ काच ओली करून तिचे एक टोक 1 सेंमी उचलावे आणि साध्या तापमानाचा तसाच दुसरा डबा पालथा ठेवून तो जागीच राहतो, याची खात्री करून घ्यावी. मग गार डबा त्याच जागी पालथा ठेवावा. पुण्यातील एप्रिलच्या उन्हाळ्यात फार वेळ थांबावे लागू नये: आतली हवा तापून तिचा दाब वाढतो आणि डबा उतारावरून घसरतो. शेवटी डब्याच्या बुडाला खिळ्याने भोक पाडून, तो पुन्हा गार करून प्रयोग करावा. काच तितकीच ओली असूनही डबा हलत नाही, म्हणजे करामत ओलाव्याची नसून कोंडलेल्या दाबाची आहे. हा भाग वगळला, तर प्रयोगाचा मुद्दाच निसटतो.

यानंतर फळ्यावर अधोगमन क्षेत्राचा छेद काढावा. खाली जाणारा भूपट्ट चिकणमाती, सर्पेंटाइन यांसारख्या खनिजांत बांधलेले पाणी सोबत नेतो. खोलीबरोबर तापमान व दाब वाढले की ते सुटते. वरचा थर ते झिरपू देत नसेल, तर त्याचा दाब माथ्यावरील खडकांच्या भाराच्या जवळपास पोहोचू शकतो. अशा ठिकाणी पकड इतकी सैल असते की पुष्कळदा मोठा धक्का न बसता भूपट्ट काही दिवस ते काही आठवडे हळूहळू सरकतात. ही मंद सरक होय. कॅनडातील व्हँकुव्हर बेटावर ती साधारण 14 महिन्यांनी पुन्हा पुन्हा होते, 30 ते 40 किमी खोलीवर, आणि तिच्यासोबत क्षीण थरथरही नोंदली जाते. तेथील, जमिनीची हालचाल मोजणाऱ्या जीपीएस केंद्राचा आलेख मिळवून विद्यार्थ्यांना वाचायला द्यावा: एरवी पूर्वेकडे संथ सरकणारे केंद्र अधूनमधून काही मिलिमीटर पश्चिमेकडे परतते. त्या उलट्या पायऱ्या त्यांनीच शोधाव्यात.

मात्र मंद सरकीने सगळा ताण निघून जातो, असे सांगू नये. वरच्या, घट्ट अडकलेल्या भागावर तिच्यामुळे ताण वाढूही शकतो.

कोयनेचा प्रश्न वर्गात येणारच. डिसेंबर 1967 चा तो भूकंप भूपट्टाच्या सीमेवरचा नव्हे, तर अंतर्भागातला असून त्याचा संबंध कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाशी जोडला जातो. तेथे पाणी वरून झिरपते आणि जलाशयाचा भारही पडतो. अधोगमन क्षेत्रात ते खालून, खनिजांतून येते. पकड सैल करणारा दाबाचा नियम दोन्हीकडे एकच असला, तरी छेद मात्र दोन वेगळे काढावेत.